दोन साडू आणि उघडी घड्याळं

मुकुंदराव, तुमची घड्याळदुरुस्तीची हत्यारं आता ठाण्याला, नौपाड्यात माझ्या घरी आहेत. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर मीनाताईंनी तो हत्यारांचा डबा स्वतःच्या हाताने पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "माझ्या घरातला पेट्रोलचा वास आता सुनंदाच्या घरी जाऊ दे." हे त्या हसत म्हणाल्या, मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डबा मांडीवर घेऊन तुमच्या गॅलरीत बसून राहिलो. समोर तुमची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर काही बसवलं नाही मला.

तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, तुमच्या कबड्डीच्या संघाने आणलेली ढाल, हे सगळं शोकसभेत तुमच्या शाळेच्या लोकांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. मलाही बोलायला सांगत होते, मी नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते त्या सभेत शोभलं नसतं. लोकांना वाटलं असतं, हा गृहस्थ गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय की स्क्रूबद्दल? म्हणून इथे बोलतो. तुम्ही मध्येच तोडणार नाही, हे जरा चमत्कारिक वाटतंय. तुम्ही कुणाचं वाक्य कधी पुरं होऊ दिलंत?

आपण साडू. मीनाताई आणि सुनंदा ह्या दोन बहिणींचे नवरे, त्यात आपली स्वतःची पसंती अशी काही नव्हती. तीसेक वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत आपल्याला जावई म्हणून शेजारी शेजारी बसवत आले आणि आपण तेच तेच बोलत आलो.

"काय म्हणतंय ठाणं?"

"ठीक. डोंबिवली?"

"पाण्याची बोंब."

मग तुम्ही वाढप्याला हाक मारायचात आणि अख्खा हॉल वळून बघायचा. मला तुमच्या आवाजाचा त्रास व्हायचा, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही मैदानावर पोरांना पळवणारे खेळाचे सर, मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, नटबोल्ट मोजून देणारा आणि परत घेणारा. तुम्हाला मी कसा वाटत होतो ते तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मीनाताईंनी एकदा सांगून टाकलं होतं. "ह्यांना वाटायचं, दिलीपरावांच्या पोटात काहीतरी दुखतंय कायम."

मग ते केळवण झालं. मेव्हण्याच्या मुलीचं, कल्याणला. आपण दोघंही तेव्हा नुकते निवृत्त झालो होतो. नवरामुलगा आणि त्याच्या घरचे यायला उशीर होत होता, पानं मांडून झाली होती, भोवती रांगोळ्या घालून झाल्या होत्या, आणि आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवलेलं. पाण्याची बोंब सांगून झाली होती. मी उगाच मनगट झटकत होतो.

"बंद पडलं वाटतं?" तुम्ही विचारलंत.

"हो. कालपासून."

"बघू."

माझं ते चावीचं घड्याळ होतं, नोकरीला लागलो त्या वर्षी घेतलेलं. रोज सकाळी चावी द्यायची आणि हातात घालायचं, इतकी वर्षं चाललेलं. तुम्ही ते हातात घेतलंत, टीपॉयवरच्या फळं कापायच्या सुरीने मागचं झाकण टचकन उडवलंत, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत सुरीचं टोक आत घातलंत. आतून खर्रर्र असा आवाज आला, सगळी चावी एका दमात उतरली, आणि केसाएवढी एक स्प्रिंग टुणकन उडून गेली.

कुठे गेली? त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. नवरामुलगा दारात आला तर त्याला काय दिसलं? सासरची सगळी माणसं जमिनीवर रांगत होती. तोही चपला काढून रांगायला लागला. सुनंदाने रांगोळ्या फुंकून पाहिल्या, मीनाताईंनी पदर झटकला, कुणीतरी श्रीखंडाचं पातेलंसुद्धा चमच्याने ढवळून पाहिलं. स्प्रिंग काही मिळाली नाही. तुम्ही एका कोपऱ्यात उभे होतात आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमचा आवाज येत नव्हता.

पुढच्या आठवड्यात दुपारी आमच्या घराची बेल वाजली. दारात तुम्ही, हातात कागदी पिशवी.

"दिलीपराव, ते घड्याळ द्या."

"दुरुस्तीला टाकता? अहो, राहू द्या. इथला नेहमीचा दुकानदार आता मोबाइलची कव्हरं विकतो. दुसरा आहे तो फक्त सेल बदलून देतो."

"टाकणार नाही. शिकणार आहे. मी बिघडवलंय, मीच करणार."

पिशवीतून तुम्ही एकेक वस्तू काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडलीत. पाच बारीक स्क्रूड्रायव्हर, एक चिमटा, एक भिंग, झाकण उघडायची तीन पायांची चावी, आणि धूळ उडवायचा रबरी फुगा. मी त्या फुग्याकडे बघत होतो आणि तुमच्या हातांकडे. तुमची बोटं जाड, त्यातली दोन कबड्डीत मोडून वाकडी जोडली गेलेली. मला हसू आलं, पण मी दाबलं. आणि मग का कोण जाणे, मी म्हटलं, "तुम्ही एकट्याने नका करू. मीही बसतो."

त्यामागे शिकायची हौस नव्हती, मुकुंदराव. माझ्या घड्याळाची काळजी होती.

बुधवार ठरला, तुमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत, कारण तिथे दुपारभर सारखा उजेड येतो. स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंत तुमच्याबरोबर चालणं ही एक वेगळीच शिक्षा होती. दर पावलाला "सर, नमस्कार!" आणि तुम्ही प्रत्येकाला थांबवून त्याचं पोट किती सुटलंय ते सांगायचात. भाजीवाल्याला, डॉक्टरला, सगळ्यांना.

आपण कल्याणच्या जुन्या बाजारातून बंद घड्याळं ढिगाने आणली. त्यातलं एक निवडून उघडायचं, सगळं सुटं करायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं आणि परत जोडायचं, हा आपला पहिला अभ्यास. पहिल्याच दिवशी कळलं की तुमचे स्क्रूड्रायव्हर लोण्याचे आहेत. स्क्रू फिरेना, पातं मात्र पिळवटून गेलं. मग चांगले आणले, आणि त्यांनाही आधी दगडावर घासून स्क्रूच्या खाचेएवढी धार करून घ्यावी लागते हे समजायला आणखी काही बुधवार गेले. घासायचं काम माझं, कारण तुम्ही घासलंत की पातं तिरकं व्हायचं. भिंग डोळ्याच्या खोबणीत धरायचं असतं, ते तुम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. तुम्हाला बोलल्याशिवाय राहवायचं नाही आणि बोलताना भुवई उडायची, की भिंग पडलं. शेवटी मीनाताईंनी त्याला इलॅस्टिक शिवून दिलं. तसे तुम्ही गॅलरीत बसलात की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका वाळत घातलेले कपडे काढता काढता थांबायच्या.

आणि तो पंचा. खाली पडलेला भाग परत सापडत नाही हे आपण केळवणातच शिकलो होतो. तेव्हा तुम्ही शोध लावलात की पंच्याचं एक टोक टेबलाला चिमट्यांनी अडकवायचं आणि दुसरं आपल्या गळ्यात खोचायचं. दोन म्हातारे, गळ्यात लाळेरं बांधून समोरासमोर बसलेले. मीनाताई चहा ठेवायला यायच्या आणि म्हणायच्या, "भरवू का?"

बारीक भाग उचलायला एक चिकट गोळा मिळतो. तो मागवलेला यायला वेळ होता, तुम्हाला धीर नव्हता. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन कणकेची गोळी घेऊन आलात. छान काम झालं. पुढच्या बुधवारी घड्याळ उघडलं तर आत मुंग्या. तेलाचंही तेच. सांगितलेलं असायचं की सुईच्या टोकावर मावेल एवढं. तुम्ही घालायचात ते बघून मीनाताई म्हणाल्या, "अहो, ही काय वांग्याची भाजी आहे?"

आपलं भांडण व्हायचं ते फोटोंवरून. मी प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचो. तुम्हाला ते आवडायचं नाही. "डोक्यात ठेवा हो, डोक्यात. परीक्षेला पुस्तक घेऊन बसता काय?" मग जोडून झाल्यावर तुमच्याकडे एक स्क्रू उरायचा.

"हा कुठला?"

"जास्तीचा असेल," तुम्ही ठामपणे सांगायचात.

घड्याळात कुणी जास्तीचा स्क्रू घालून ठेवत नाही, हे मी तुम्हाला पटवू शकलो नाही. तुमचं म्हणणं, चालतंय ना? मग सोडा. हा वाद आपला तसाच राहिला. तुमच्या डब्यात एका औषधाच्या बाटलीत ते सगळे जास्तीचे स्क्रू आहेत. बाटली अर्धी भरलीय.

माझं घड्याळ सुरू झालं त्या दिवशी तुम्ही मला मिठी मारलीत. मला मिठीची सवय नाही, मी पंच्यासकट टेबलाला अडकलो होतो. ढिगातल्या एका तशाच घड्याळाची स्प्रिंग काढून आपण बसवली होती, चावी दिली, आणि ते बारीक चक्र आधी अडखळत, मग एका लयीत इकडून तिकडे फिरायला लागलं. बंद पडलेली वस्तू आपल्या हातून चालू होते, एवढंच ते. पण मी रात्री जेवताना सुनंदाला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात त्या दिवशीसुद्धा इतकं बोलला नव्हता."

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ तासाला पाच-सहा मिनिटं पुढे धावायला लागलं. आठवतंय? तुमचं म्हणणं, मीच माझ्या हाताने काहीतरी वाकवलंय. मी म्हटलं, तुमच्या तेलाने झालंय. दोन आठवडे आपण नीट बोललो नाही. आणि मग मी तुमच्या चिमट्याचं कौतुक करत होतो, की बघा, किती गुणी चिमटा आहे, नुसता जवळ नेला की स्क्रू आपोआप येऊन चिकटतो. बोलता बोलता मी थांबलो. तुम्हीही माझ्याकडे बघायला लागलात. तुम्ही तो डबा ठेवायचात मैदानावरच्या तुमच्या जुन्या लाऊडस्पीकरवर. त्यातल्या लोहचुंबकाने सगळी हत्यारं चुंबक झाली होती, आणि त्यांनी माझं घड्याळ. एक निळं डबडं मिळतं, बटण दाबून त्याच्यावरून वस्तू हळूच लांब न्यायची की चुंबकपणा उतरतो. ते आणलं, घड्याळ ताळ्यावर आलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे चूक कुणाचीच नव्हती." मी म्हटलं, "स्पीकर तुमचा होता." तुम्ही इतके हसलात की भिंग इलॅस्टिकसकट मानेत गेलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण तुम्ही डोंबिवलीभर सांगत सुटलात. "आणा, आणा, करून देतो!" लोक आणायला लागले. मला धास्ती वाटायची. आपल्या ढिगातलं घड्याळ मोडलं तर मोडलं. पण लोक आणत होते ती त्यांच्या वडलांची, आजोबांची. मी म्हणायचो, आपण शिकाऊ आहोत, लोकांच्या आठवणींवर हात साफ करू नका. तुम्ही म्हणायचात, "मैदानात उतरल्याशिवाय खेळ येतो का कुणाला?"

मग परेरा बाईंचं घड्याळ आलं.

परेरा बाई तुमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ठाण्यातल्या जुन्या शेतकरी घरातल्या, चर्चजवळच्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या मिस्टरांचं घड्याळ बंद पडून होतं. शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमात त्या सहज बोलल्या आणि तुम्ही तिथल्या तिथे हात पुढे केलात. त्या बुधवारी तुम्ही ते उघडलंत. सगळं नीट चाललं होतं. ते फिरणारं चक्र उचलताना तुमच्या बोटाचा जरासा धक्का लागला. काहीच आवाज झाला नाही. तुम्ही भिंग लावून बघितलंत, मग मला दिलंत. चक्राच्या आसाचं टोक तुटलं होतं. कुसळाएवढं टोक, पण त्याच्याशिवाय चक्र उभंच राहत नाही.

मी म्हटलं, "आपल्या ढिगात ह्याच जातीचं एक घड्याळ आहे. त्यातलं चक्र काढून बसवू. बाईंना कळणार नाही. त्यांना काय, चालल्याशी मतलब."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि त्या एकाच वेळी तुम्ही माझ्यावर खरोखर ओरडलात. "आणि त्या मला दर वेळी भेटून सांगणार, 'सर, ह्यांचं घड्याळ किती छान चालतंय.' मी काय करू तेव्हा? मान डोलवू?"

"त्यांना समाधान मिळेल ना."

"खोटं?"

पण खरं सांगू? मला अजूनही वाटतं की माझं फार चुकत नव्हतं. एका एकट्या बाईला उगाच दुःख कशाला द्यायचं? आणि तुमचंही चुकत नव्हतं. ह्यावर आपण पुढे कितीदा बोललो, कधी चहावर, कधी फोनवर, आणि दर वेळी तुम्ही म्हणायचात, "थांबा, ह्याला माझ्याकडे उत्तर आहे." ते उत्तर राहिलंच तुमच्याकडे.

आपण लोकलने ठाण्याला आणि तिथून रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. सुटे भाग गोळ्यांच्या डबीत होते. तुम्ही बसला नाहीत, उभेच राहिलात, हात मागे बांधून.

"बाई, माझ्या हातून मोडलं. दुरुस्त करायला घेतलं आणि जास्त बिघडवलं. मला पुरतं येत नव्हतं, तरी हो म्हणालो."

बाईंनी डबी हातात घेतली, उघडली, बंद केली. "ठेवून जा, सर," एवढंच म्हणाल्या. त्यांनी आपल्याला कोकम सरबत दिलं, पण समोर बसल्या नाहीत. परत येताना रिक्षावाला निघाला तुमचाच विद्यार्थी. त्याने आरशातून "सर, बरं नाही का?" म्हणून विचारलं, तर तुम्ही त्याच्या पोटाचा विषयसुद्धा काढला नाहीत.

त्यानंतर लोकांची घड्याळं घेणं तुम्ही बंद केलंत. मला वाटलं, आता बुधवारही बंद. पण नाही. तुम्ही ढिगातली घड्याळं पुढ्यात घेतलीत आणि फक्त एकच गोष्ट करत बसलात. चक्र उचलायचं, ठेवायचं. उचलायचं, ठेवायचं. किती मोडलीत! मी फक्त बघायचो. तुम्हीच शोधून काढलंत की श्वास पूर्ण सोडून झाल्यावर पुढचा घेण्याआधी एक छोटासा थांबा असतो, तेवढ्यात हात हलत नाही. पोरांना नेमबाजीत शिकवायचात तेच. मलाही शिकवलंत. "सोडा... आता." तुमचा तो मैदानावरचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. समोर बसून तुमचे ते वाकडे हात हळूहळू शहाणे होताना मी बघत होतो आणि मला एक प्रकारचं सुख वाटत होतं, ज्याचा माझ्याशी तसा काही संबंध नव्हता.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. तुम्ही तो स्पीकरवर टाकलात, हात गुंतले होते म्हणून.

"सर, आणखी किती मोडलीत?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "नऊ, बाई."

"मग आता जमत असेल. या, घेऊन जा."

आपण गेलो. ह्या वेळी बाई समोर बसल्या. तुम्ही त्यांना अगदी सरळ सांगितलंत की मोडलेलं चक्र आता जुळणार नाही, दुसऱ्या घड्याळातलं बसवावं लागेल.

"कुणाच्या घड्याळातलं?"

"माहीत नाही. कल्याणच्या बाजारातल्या ढिगातलं."

बाई विचारात पडल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता नाही म्हणणार. मग त्या हसल्या. "चालेल. आमचे हे कुणाशीही जमवून घ्यायचे."

तुम्ही ते बसवलंत तेव्हा मी दिवा धरला होता. तुम्ही "सोडा" म्हणालात, स्वतःलाच, आणि आपण दोघांनीही श्वास सोडला. चक्र फिरायला लागलं. तुम्ही भिंग काढून डोळे पुसलेत आणि म्हणालात, घामाने खाजतंय. गॅलरीत गार वारा होता.

घड्याळ परत दिलं तेव्हा बाईंनी ते कानाला लावलं आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नाताळात त्यांच्याकडून कुलकुलचा, म्हणजे शंखासारख्या गोड शंकरपाळ्यांचा, डबा आला. आपल्या दोघांत एकच. तुम्ही अर्ध्याहून जास्त खाल्लेत.

त्या सुमारास एकदा तुम्ही म्हणालात, "दिलीपराव, इतकी वर्षं झाली, आता हे अहो-जाहो पुरे. अरे-तुरे करू." मी बरं म्हटलं. पण दोघांनाही सुरुवात करता येईना. मग तुम्ही म्हणालात, "अहो, तो चिमटा द्या जरा," आणि विषय तिथेच संपला. बरं झालं. मला तुम्ही 'अहो'च शोभता.

मग तुमच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलातून घरी आलात तेव्हा डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलं होतं आणि मीनाताईंनी डबा कपाटावर टाकला होता. "घड्याळात कसली दगदग?" तुम्ही म्हणालात. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ओरडल्याशिवाय कुठलं काम करता येतं?" शेवटी तह झाला. हात मी लावायचा, तुम्ही नुसतं बघायचं. त्या बुधवारी मी एक अगदी लहानसं बायकांचं घड्याळ जोडलं, पहिल्यांदाच सगळंच्या सगळं मी एकट्याने. तुम्ही शाल घेऊन बसला होतात. एकदाही बोलला नाहीत, सूचना नाही, टोकणं नाही. मला संशय आला, झोपलात की काय. वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. घड्याळाकडे नाही.

"छान जमलं," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "एक स्क्रू उरलाय."

"जास्तीचा असेल," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत, समाधानाने. त्या आठवड्यात रविवारी पहाटे झोपेतच गेलात. मीनाताईंना जाग आली तेव्हा तुमच्या तोंडावर काही त्रास दिसत नव्हता. हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मीही ते दर वेळी नव्याने ऐकलं, कारण मलाही ते ऐकायचं होतं.

मी रडलो नाही फार. मला वाईट वाटतंय, खूपच वाटतंय, पण त्या वाईटाच्या खाली काहीतरी भरलेलं आहे. साठीनंतर माणसाला नवीन काय मिळतं? औषधं मिळतात, चष्म्याचे नंबर मिळतात. मला तुम्ही मिळालात, आणि तेही तीस वर्षं शेजारी बसून झाल्यावर. ती तीस वर्षं फुकट गेली म्हणून मी हळहळत नाही. ह्या सात-आठ वर्षांचे बुधवार भरपूर होते.

काल बुधवार होता. दुपारी जेवण झालं आणि मी कपडे बदलले. सुनंदाने विचारलं नाही कुठे म्हणून. फक्त म्हणाली, "ताईला शेंगदाण्याची चटणी दिलीय, विसरू नका." डोंबिवलीला तुमच्या दारात पोचलो आणि मग मात्र वाटलं, आपण कशाला आलो? डबा तर माझ्याच घरी. पण मीनाताईंनी दार उघडलं ते गॅसवर चहा ठेवूनच. म्हणाल्या, "बसा, तुमचीच वेळ आहे."

आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो तेवढ्यात बेल वाजली. चाळिशीचा एक गृहस्थ, हातात फुलं. तुमचा विद्यार्थी, नाशिकला असतो. "मी बाहेरगावी गेलेलो, मला कालच कळलं," तो म्हणाला. तुमच्या फोटोला त्याने वाकून नमस्कार केला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मीनाताई त्याच्यासाठी चहा आणायला आत गेल्या. त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही सरांचे कोण? भाऊ का?"

मी म्हटलं, "नाही."

पुढचं सांगायला तोंड उघडलं. साडू, हे उत्तर बरोबर होतं, इतकी वर्षं मी सगळीकडे तेच देत आलो. ते ओठांपर्यंत आलं आणि अपुरं वाटलं.

"मित्र," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मीनाताई चहा घेऊन आल्या, त्याच्याशी बोलल्या, त्याच्या बायकोमुलांची चौकशी केली. तो गेल्यावर त्या तुमच्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिलीपराव, हे बाहेर तुमच्याबद्दल काय सांगायचे, ठाऊक आहे?"

"साडू. दुसरं काय?"

"छे हो. कुणी बुधवारी कुठे बोलावलं तर म्हणायचे, 'जमणार नाही, माझा दोस्त ठाण्याहून यायचाय.' भाजीवाल्याला, वॉचमनला, सगळ्यांना. अख्ख्या डोंबिवलीला माहीत आहे."

"मग मला कधीच कसे म्हणाले नाहीत?"

मीनाताई हसल्या. "तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला लाजायचे ते."

तुम्ही, मुकुंदराव. एका हाकेत सगळं मैदान जागच्या जागी उभं करणारे तुम्ही.